कामापुरता उजेड

महाराष्ट्रात रात्री उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांत ट्रेकर आणि पर्यटक हे तसे मूठभरच. आषाढी वारीत आळंदी-देहूहून निघालेल्या दिंड्या पंढरपूर येईपर्यंत रोज नव्या तळावर तंबू ठोकतात. दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडची ऊसतोड करणारी कुटुंबे साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या उभारतात आणि गाळप संपेपर्यंत त्यांतच संसार करतात. पावसाळा सरला की धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन बाहेर पडतात आणि मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून कळप बसवतात. अंधार पडला की या सगळ्यांपुढे तोच प्रश्न असतो, जो राजमाचीला तंबू लावणाऱ्या कॉलेजच्या पोरांपुढे असतो. दिवा कुठला घ्यायचा, किती मोठा, कुठे टांगायचा आणि विझवायचा केव्हा?

यातल्या मेंढपाळाचा हिशोब पाहण्यासारखा आहे. त्याच्या मुक्कामी दिवा असा नसतोच म्हटले तरी चालेल. भाकरी चुलीच्या जाळावर होतात, जेवणेही त्याच उजेडात उरकतात, मग विस्तव राखेखाली झाकला जातो. उशाशी असते फक्त बॅटरी. कुत्री भुंकली की तो पडल्या जागेवरून वाघरीच्या कडेने एकदा झोत फिरवतो. मेंढ्यांचे डोळे चमकतात ते आत, एका उंचीवर, घोळक्याने. बाहेर, एकट्याने चमकणारी आणि सरकणारी जोडी दिसली तरच तो उठतो, नाही तर बॅटरी बंद. रात्रभर मोठा दिवा जाळला तर उजेडाच्या कडेपलीकडचे काहीच दिसणार नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागलेले नाही.

प्रस्तुत पुस्तक शहरातून डोंगरात जाणाऱ्यांसाठी लिहिलेले असले, तरी त्याच्या मुळाशी हीच समज आहे. कॅम्पचे दिवे या विषयावर आजवर जे काही वाचायला मिळते ते बहुतेक खरेदीच्या सल्ल्याच्या वळणाचे असते: अमुक दिवा इतक्या लुमेनचा, तमुक त्याहून जास्त, म्हणून तो चांगला. या लेखकांनी उलट टोकाकडून सुरुवात केली आहे. मुक्कामावर अंधारात करायची कामे कोणती, ती कुठे होतात, किती वेळ चालतात आणि त्या वेळी शेजारचा माणूस काय करत असतो, हे आधी पाहायचे, दिवा त्यानंतर. मला ही वाट पटते. किंबहुना माझे मत त्यांच्याहून थोडे जहालच आहे. आपल्याकडचे बहुतेक कॅम्प गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजळलेले असतात, आणि तरीही तिथे माणसे तंबूच्या तणाव्यात पाय अडकून पडतात.

हे असे का झाले, ते समजायला दिव्यांचा थोडा मागोवा घ्यावा लागतो. मशाल, दिवटी, पलिता, कोकणातली वाळक्या झावळ्यांची चूड ही सारी चालतानाची साधने. मुक्कामाला उजेड म्हणजे शेकोटी. उघड्या ज्योतीचे दोन शत्रू, वारा आणि पाऊस. त्यांवर पक्का तोडगा निघाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कंदिलाच्या रूपाने. कंदिलाच्या दोन्ही बाजूंना ज्या पोकळ दांड्या असतात त्या नुसत्या काच सावरायला नाहीत. त्यांतून हवा वरून खाली ज्योतीपर्यंत पोचते, त्यामुळे बाहेर कितीही वारा सुटला तरी ज्योत फडफडत नाही. अमेरिकेतल्या डिट्झ कंपनीने हे कंदील जगभर पोचवले. आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काच कारखान्यातून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत गेला. आजही जुन्या वाड्याच्या माळ्यावर तो सापडतो. अशा कंदिलाचा उजेड आजच्या मापाने शंभर लुमेनच्या आतबाहेरच भरेल. त्या उजेडात बाळंतपणे झाली, हिशोबाच्या वह्या लिहिल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी अभ्यास केला. पाचशे लुमेनच्या दिव्याखाली बसून पत्ते कुटताना हा आकडा आठवावा.

मग आली गॅसबत्ती. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये मँटलचे, म्हणजे बत्तीतल्या जाळीचे, पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत थोरियमच्या ऑक्साइडमध्ये जेमतेम एक टक्का सेरियम मिसळून त्याला आजचे रूप दिले. ज्योत स्वतः फार उजेड देत नाही, पण तिच्या उष्णतेने ही जाळी पांढरीशुभ्र तळपते. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्याने १९१०च्या सुमारास दाबाखालच्या रॉकेलवर चालणारी बत्ती आणली. तिचे पेट्रोमॅक्स हे नाव आपल्याकडे इतके रुळले की कुठल्याही कंपनीची गॅसबत्ती ही पेट्रोमॅक्सच झाली.

गॅसबत्ती पेटवणे हा एक विधी होता आणि तो गावात एक-दोघांनाच साधायचा. नवे मँटल म्हणजे मऊ कापडी पिशवी. ती दोऱ्याने बर्नरला बांधायची आणि पहिल्यांदा नुसती जाळून टाकायची. उरतो तो राखेचा सांगाडा. तोच उजेड देतो, पण बोट लागले तरी ढासळतो. मग नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट ओतून ते पेटवायचे, नळी पुरेशी तापू द्यायची आणि स्पिरिट संपत आले की पंप मारायला लागायचे. घाई केली तर रॉकेलची वाफ व्हायच्या आधीच ते थेंबाथेंबाने बाहेर येते आणि बत्ती काजळी ओकत भडकते. जमले की आधी ‘भक्’ आणि मग अखंड सूंऽऽ. अर्ध्यापाऊण तासाने उजेड पिवळा पडू लागला की पुन्हा पंप. बैलगाडीतून किंवा टेम्पोतून नेताना मँटल टिकवणे ही वेगळीच कसरत. म्हणून बत्तीवाल्याच्या खिशात सुटी मँटल असायचीच. त्यांतले थोरियम किंचित किरणोत्सारी असते हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. पुढे बऱ्याच उत्पादकांनी ते काढून यिट्रियम वापरायला सुरुवात केली. रॉकेल किंवा गॅसवरचा कोणताही दिवा बंद तंबूत नेऊ नये, यामागे मात्र दोन साधी आणि जीवघेणी कारणे आहेत. तंबूचे नायलॉन क्षणात पेट घेते, आणि कोंडलेल्या हवेत साठणारा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जागेही होऊ देत नाही.

पेट्रोमॅक्सच्या सर्वांत नामांकित मॉडेलवर ५०० हा आकडा असे, तो मेणबत्त्यांच्या शक्तीचा. प्रत्यक्षात उजेड त्याहून कमी पडायचा, पण कंदिलाला सरावलेल्या डोळ्यांना तो लखलखाट वाटला यात नवल नाही. लग्नाची वरात, तमाशाचा फड, रात्रीचे कीर्तन, सगळे त्या पांढऱ्या उजेडात न्हाले. त्याबरोबर एक सवयही लागली: मधोमध एक मोठा दिवा टांगायचा आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती बसायचे. गॅसबत्त्या गेल्या, सवय राहिली. आजचे बहुतेक कॅम्प त्याच कल्पनेवर उभे आहेत, फक्त बत्तीच्या जागी एलईडीचा फ्लडलाइट आला आहे.

विजेच्या बॅटरीचे घराणे वेगळे. १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत नळीच्या आकाराच्या टॉर्चचे पेटंट मिळाले आणि कॉनराड ह्युबर्ट यांच्या एव्हर रेडी कंपनीने ती बाजारात आणली. गिर्यारोहकांनी ती लवकर उचलली, पण तिच्यावर त्यांचा भरवसा बसायला वेळ लागला. एव्हरेस्टच्या इतिहासातली एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९२४ मध्ये मॅलरी आणि अर्विन शेवटच्या छावणीतून निघाले ते परतलेच नाहीत. १९३३च्या ब्रिटिश मोहिमेला त्या छावणीतला मोडलेला तंबू सापडला, त्यात मेणबत्तीचा घडीचा कंदील होता आणि एक टॉर्चही. नऊ वर्षे बर्फात पडलेली ती टॉर्च बटण दाबताच लागली. उतरताना त्यांना रात्र झाली असेल, तर हा दिवा त्यांच्यापाशी नव्हता, तंबूत होता. या पुस्तकाचा ‘दिवा अंगावर’ हा आग्रह वाचताना मला ही टॉर्च आठवत राहिली.

दिवा अंगावर आणला तो खाणकामगारांनी आणि गुहा धुंडाळणाऱ्यांनी, कारण दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय त्यांचे कामच होत नव्हते. आधी टोपीवर कार्बाइडचा दिवा आला: पाण्याचा थेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडला की अ‍ॅसिटिलीन तयार होतो आणि तोच जळतो. नंतर बॅटरीवरचे दिवे आले, पण त्यांची बॅटरी कमरेला आणि वायर पाठीवरून. फ्रान्समधले फर्नां पेट्झल मुळात गुहांचे संशोधक. त्यांच्या कंपनीने १९७०च्या दशकात दिवा आणि बॅटरी दोन्ही डोक्याच्या पट्ट्यावर आणली, १९८१ मध्ये ‘झूम’ हे मॉडेल काढले आणि २००० मध्ये ‘टिक्का’ हा छोटा एलईडी हेडलॅम्प. सह्याद्रीत जिला सर्रास हेडटॉर्च म्हणतात तिचा वंश इथून सुरू होतो.

एलईडीने मात्र सगळा हिशोबच बदलला. लाल एलईडी १९६० च्या दशकातच आला होता. अडले होते ते निळ्यापाशी. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. टॉर्चचा जुना बल्ब एका वॅटमागे दहाएक लुमेन द्यायचा, आजचा चांगला एलईडी शंभराच्या वर देतो. म्हणजे उजेड जवळजवळ फुकट झाला. जी गोष्ट फुकट होते ती उधळली जाते. शिवाय तो पांढरा दिसणारा उजेड आतून निळाच असतो, आणि हा निळेपणा पुढे किडे, डोळे आणि आकाश या तिन्हींच्या आड येतो.

नवख्या माणसाला सर्वांत जास्त चकवतात ते खोक्यावरचे आकडे. लुमेन म्हणजे नळातून एकूण किती पाणी बाहेर पडते ते. लक्स म्हणजे त्यातले तुमच्या हंड्यात किती आले ते. एकच दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की खालच्या जागेवरचा उजेड चौथाई होतो. त्यामुळे भाजी चिरणाऱ्याच्या हाताशी ठेवलेला शंभर लुमेनचा दिवा झाडावर टांगलेल्या पाचशे लुमेनला सहज मागे टाकतो. ‘झोत १०० मीटर’ असे लिहिलेले असते तेव्हा, प्रचलित एफएल-१ मानकाप्रमाणे, त्या अंतरावर पाव लक्स उजेड पडतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. आणि ‘४० तास चालतो’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत ४० तास. शेवटचे कित्येक तास दिवा चालू असतो खरा, पण त्या उजेडात उतरणीची वाट दिसेलच असे नाही.

बॅटरीचे गणितही घरच्या घरी करता येते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-अवर. त्यातले वाटेत वाया जाणारे वगळले तर हाती २५ धरावेत. एक वॅटचा दिवा शंभर लुमेन देतो आणि त्यावर रात्रभर चालूनही शिल्लक उरते. दहा वॅटचा फ्लडलाइट तीच बँक अडीच तासांत कोरडी करतो. हिमालयात विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, तीही परवानगीविना १०० वॅट-अवरपर्यंतच. साधे अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात, त्यामुळे हिमालयात रात्री ते झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपायचे. आणि आपल्याकडच्या सौर कंदिलाची जुलै महिन्यात काय अवस्था होते ते घाटमाथ्यावर राहिलेल्याला सांगायला नको.

आता डोळ्यांकडे वळू, कारण या विषयाचे खरे मर्म तिथे आहे. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. त्या काळात पडद्यावरच्या दंडपेशींत ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य साठत जाते. समोरून कोणी हेडटॉर्चचा पांढरा झोत तोंडावर मारला की ते क्षणात उडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुक्कामावर बोलताना हेडटॉर्च लावलेला माणूस समोरच्याकडे बघूनच बोलतो, त्यामुळे हा प्रकार रात्रभर चालू असतो. दंडपेशींना लाल रंग जवळपास दिसत नाही, म्हणून तारे पाहणारे मंद लाल दिवा वापरतात. लेखकांनी लाल दिव्याची बाजू हिरिरीने मांडली आहे. माझे त्याबाबत थोडे वेगळे मत आहे. लाल उजेडात नकाशावरच्या लाल-तपकिरी रेषा दिसेनाशा होतात, जखमेचे रक्त ओळखू येत नाही, आणि पाचोळ्यात पडलेले फुरसे तर नाहीच. तारे पाहायला लाल ठीक. पायवाटेवर चालायला मला मंद, उबदार पिवळा उजेड जास्त भरवशाचा वाटतो.

किड्यांबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो की ते दिव्यावर झेपावतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे उड्डाण टिपले आणि २०२४ च्या सुरुवातीला नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात त्याचा वेगळाच उलगडा मांडला. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. निसर्गात रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, तेव्हा पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ वर. दिवा बाजूला किंवा खाली असला की हा अंदाज चुकतो आणि किडा त्याच्याभोवती गिरक्या घेत अडकतो. कारण कोणतेही असो, निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त जमतात, पिवळ्या-नारिंगीवर कमी. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उठते त्या संध्याकाळी पांढरा दिवा लावून जेवायला बसून पाहा. ताटात भाताबरोबर काय येते ते मोजत बसावे लागेल. दिव्याखाली किडे जमले की त्यांच्यामागे बेडूक येतात, आणि बेडकांमागे आणखी कोणी येऊ शकते. झोपायच्या जागेजवळ रात्रभर दिवा ठेवायला माझा विरोध आहे तो यासाठी. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दिव्यामुळे ती दूर राहील या समजुतीला काही आधार नाही. चेन बंद केलेला तंबू आणि रात्री उठताना आधी हाताशी येणारी छोटी बॅटरी, हे दोन्ही जास्त उपयोगी.

एका दिव्याची मात्र मी मुद्दाम शिफारस करेन, आणि पुस्तकातही त्याला जागा मिळाली आहे हे पाहून बरे वाटले. तो म्हणजे जांभळी, अतिनील टॉर्च. विंचवाच्या कवचावर हा प्रकाश पडला की ते हिरवट निळे चकाकते. दगडाच्या फटीत बसलेला विंचूही दोन-तीन पावलांवरून दिसतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आणले, म्हणून आज त्याची तितकी धास्ती उरलेली नाही. तरी तंबू लावण्याआधी जागेवरून आणि सकाळी बुटात पाय घालण्याआधी बुटावरून ही टॉर्च फिरवायला मिनिटही लागत नाही.

आज या क्षेत्रात ठळक असे चार पंथ दिसतात. पहिल्या पंथाचा, गॅसबत्तीच्या वारसांचा, उल्लेख वर झालाच: मोठा गट, मध्ये मोठा दिवा, त्याखाली स्वयंपाक, गाणी आणि हिशोब. वारीच्या तळावर किंवा शंभर मुलांच्या शिबिरात याला पर्याय नाही. फक्त दिवा उंच, झाकणाखाली आणि तोंड खाली करून हवा. दुसरा पंथ हेडटॉर्चवाल्यांचा. अलंग-मदन-कुलंग किंवा सांधण दरीसारख्या ठिकाणी जाणारी मंडळी ज्याचा त्याचा दिवा ज्याच्या त्याच्या कपाळावर ठेवतात आणि सामाईक दिवा जवळजवळ नेतच नाहीत. गरज पडली तर पाण्याच्या कॅनला हेडटॉर्च आतल्या बाजूला तोंड करून बांधतात. पांढुरक्या प्लास्टिकमधून आणि पाण्यातून उजेड पसरून मऊ होतो आणि चार माणसांचे जेवण त्यात आरामात होते. हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे.

तिसरा पंथ रोषणाईचा. पवना जलाशयाच्या काठाला गेल्या काही वर्षांत जे कॅम्प उभे राहिले तिथे तंबूंवरून, झाडांवरून, कठड्यांवरून दिव्यांच्या माळा असतात. फोटो छान येतात हे खरेच, आणि मंद पिवळ्या माळा खाली जमिनीलगत पायवाटेच्या कडेने लावल्या तर त्या कामाच्याही ठरतात. पण बऱ्याच ठिकाणी माळांवर समाधान न होता जनरेटरवर हॅलोजनही पेटतो. एका ठिकाणी पाण्याकडे तोंड करून लावलेला असा दिवा मध्यरात्रीनंतर बंद करा म्हणून मी विनंती केली तर ‘गेस्टना भीती वाटते’ असे उत्तर मिळाले. गंमत अशी की त्या दिव्याच्या झळाळीमुळे तंबूंमागची शौचालयाची वाट काळीकुट्ट झाली होती, आणि लोक धडपडत होते ते तिथेच.

चौथा पंथ अंधाराच्या बाजूचा. त्यात आकाशनिरीक्षक आहेत, निसर्ग अभ्यासक आहेत आणि अलीकडे काही गावेही आहेत. महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातले असे हे पहिलेच पार्क. लडाखमधल्या हानलेला त्याआधी राखीव काळोखी क्षेत्राचा दर्जा मिळालेला होता. पेंचच्या परिसरातल्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले आणि वाघोड्याला आकाश पाहण्यासाठी मनोरा उभा राहिला. गावातला दिवा झाकला तरी गाव अंधारात जात नाही, हे यातून दिसले. कॅम्पवाल्यांनी तिथे एकदा जाऊन यावे.

हा विषय आत्ताच निकडीचा का झाला, याचे उत्तर अकोले तालुक्यात मिळते. मेच्या अखेरीपासून पाऊस बसेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. ही नर काजव्यांची हाक असते. मादी खालून झुडपातून उत्तर देते, आणि या उजेडाच्या बोलाचालीवर त्यांची पुढची पिढी अवलंबून असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. त्यात शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि झाडांवर रोखलेल्या टॉर्च. माणसे काजव्यांचा उजेड बघायला येतात आणि आपला उजेड बंद करायचे विसरतात. वन विभागाने निर्बंध घातले आहेत, गावकरी वाटाडे ओरडून सांगतात, पण ज्याच्या हातात दिवा आहे त्यानेच ऐकायला हवे. काजव्यांच्या दिवसांत मुक्काम करणाऱ्याने दिवा निवडताना त्याची सर्वांत मंद पातळी किती खाली जाते ते पाहावे. सर्वांत जास्त किती हे बघायची गरज नाही.

हे पुस्तक या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढू पाहते. लेखकांपैकी एक वर्षानुवर्षे गट घेऊन डोंगर फिरलेले आणि दुसरे दिव्यांच्या धंद्यातले, त्यामुळे एकाच्या अनुभवाला दुसऱ्याच्या मोजमापाची जोड मिळाली आहे. दोघांचे कुठे कुठे पटत नाही तेही त्यांनी लपवलेले नाही. तंबूत कायमचा दिवा टांगावा की नाही, यावर पुस्तकात दोन उत्तरे आहेत, आणि मला ते प्रामाणिक वाटले. काही जागी मात्र लेखक फार सबुरीने घेतात. रोषणाईबद्दल त्यांनी दाखवलेला उदारपणा मला पटलेला नाही, आणि शेकोटीवर त्यांनी दोनच परिच्छेद खर्च केले याचेही वाईट वाटते. गडावर शेकोटीसाठी झाडे तोडली जातात, जुन्या वास्तूंच्या दगडी भिंती काजळतात, आणि हे सारे उजेडाच्या नावाखाली होते. त्यावर एक सबंध प्रकरण हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

वाचकाला इथे कुठल्या कंपनीचा दिवा घ्यावा ते सापडणार नाही. किमतीही नाहीत, कारण सहा महिन्यांत त्या बदलतात आणि मॉडेले तर त्याहून लवकर. आहे ती विचार करायची पद्धत, आणि शेवटी वेगवेगळ्या मुक्कामांसाठी काय काय न्यावे याचे तक्ते: दोघांचा तंबू, वीस जणांचा गट, लहान मुलांचे शिबिर, पावसाळ्यातला गुहेतला मुक्काम. दिवे किती तास टिकतात याचे त्यांतले आकडे खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा बरेच कमी दिसतील. ते घाटमाथ्यावर, ओल्या कपड्यांनी भरलेल्या पिशव्यांत राहिलेल्या सेलवर घेतलेले आहेत.